पापणीआड

"गेला," मिहू म्हणाली.

मिहू एकवीस महिन्यांची आहे आणि तिच्याकडे सध्या दोनच क्रियापदं आहेत, 'दे' आणि 'गेला'. दूध संपलं की दूध गेला, बाबा गाडीत बसला की बाबा गेला, नळ बंद केला तरी गेला. त्यामुळे मी मान वर केली नाही. शनिवारची सकाळ होती. नाशिकरोडच्या आमच्या किरणप्रभा सोसायटीच्या सभागृहात उद्याच्या सभेसाठी एलईडीची भिंत उभी राहिली होती आणि मी तिचे रंग जुळवत बसले होते. अर्धं लक्ष रंगांवर, अर्धं जमिनीवरच्या वायरींवर. मिहूच्या हाताला लागेल असं एकेक सॉकेट मी आल्याआल्या चिकटपट्टीनं बंद केलं होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

"आई, झोका गेला."

आता मात्र मी पाहिलं. भिंतीवर सोसायटीच्या पुनर्विकासाचं चित्र होतं. पाच नव्या इमारती, मधे हिरवं मैदान, मैदानात घसरगुंडी आणि बाकं. झोका नव्हता. बहुधा नव्हताच. तासभर त्याच चित्रासमोर बसले होते, असता तर दिसला नसता का?

"कुठला झोका, पिल्ला?"

तिनं घसरगुंडीच्या डाव्या अंगाला बोट दाखवलं आणि एवढंही कळत नाही का, अशा चेहऱ्यानं माझ्याकडे पाहत राहिली. बराच वेळ. पापणी न लववता.

मला काळजी लागली. मी तसलीच आई आहे. ही झोपली की हिचे श्वास मोजायची, आणि सहाव्या महिन्यात डॉक्टरांना घाबरत विचारलंही होतं, की ही पापण्या का मिटत नाही? ते हसले होते. "मोठी माणसं मिनिटाला पंधरा-वीसदा पापणी लववतात. तान्ही मुलं दोन-तीनदा. वाढत्या वयाबरोबर हळूहळू वाढतं ते. जा घरी, झोपा जरा."

ते वाक्य आठवलं आणि मी मिहूवरची नजर काढून संगणकाकडे पाहिलं. कारण भिंतीला जोडलेल्या संगणकावर 'निमिष' चालू होतं, आणि निमिष मी लिहिलं होतं.

*

निमिष मी आणि यशोधननं कॉलेज संपता संपता लिहिलं, एका हौशी नाटकासाठी. दिग्दर्शकाचा हट्ट होता, की दोन प्रवेशांच्या मधे अंधार नको. अंधार झाला की प्रेक्षक खोकतात, मोबाइल काढतात, नाटक सांडतं. प्रकाशयोजना यशोधनकडे होती, मागच्या एलईडी भिंतीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे.

आपली पापणी लवते तेव्हा साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा आपण आंधळे असतो. जाणवत नाही, कारण मेंदू ती फट आधीच्या चित्रानं लिंपून टाकतो. त्या फटीत समोरचं काही बदललं तर डोळा उघडल्यावर मेंदू म्हणतो, असंच होतं. आणखी गंमत अशी, की एकच गोष्ट पाहणारी माणसं बरीचशी एकाच वेळी पापण्या मिटतात. वाक्य संपलं, नट वळला, विनोद झाला की, हं, आता क्षणभर चालेल, असं सगळ्यांच्या मेंदूला एकदमच वाटतं. निमिष रंगमंचाच्या कडेवरच्या कॅमेऱ्यांतून प्रेक्षकांच्या पापण्या मोजायचं. लाट येतेय असं दिसलं की दिव्यांचा उजेड नकळत हलवून मागे राहिलेल्यांनाही मिटायला लावायचं. शंभरातल्या पंच्याण्णवांचे डोळे मिटले, की त्या फटीत भिंतीवरचं चित्र बदलायचं.

नाटकात एक भरलं घर होतं. दोन तासांत त्यातली एकेक वस्तू जात राहायची. शेवटी नायिका वळून भिंतीकडे पाहायची आणि तिच्याबरोबर अख्खं थिएटर दचकायचं. घर रिकामं! कधी झालं? लोक तिकीट काढून फसायला यायचे आणि खूश होऊन जायचे.

मिहू झाली आणि माझे दौरे थांबले. यशोधन निमिष घेऊन लग्नं, उद्घाटनं, कंपन्यांचे सोहळे करत राहिला. मी घरून लागेल तेवढी मदत करायची. उद्याचं काम तर घरातच चालून आलं होतं. सोसायटीचा पुनर्विकास करणाऱ्या 'नभांगण बिल्डकॉन'नं यशोधनला नेमलं आणि तो म्हणाला, "तुझीच सोसायटी आहे, कन्सोलवर तूच बस." चित्रांची फाइल तो घेऊन आला होता. मी ती उघडून पाहिली नव्हती. निमिष चालू आहे एवढं ठाऊक होतं. मला वाटलं, एका चित्रावरून दुसऱ्यावर अलगद जायला असेल.

आता उघडली. आत एक्केचाळीस बदल ओळीनं लावलेले होते.

सोळा बदलांत एकच आकडा होता. प्रत्येक घराचं चटईक्षेत्र, सातशे बारा चौरस फूट. दर खेपेला चार फूट कमी. शेवटी सहाशे अठ्ठेचाळीस. नऊ बदल मैदानातले. झोका, घसरगुंडी, बाकं, झाडं. बारा बदलांत त्याच मैदानावर सहावी इमारत एकेक मजल्यानं वर येत होती. उरलेल्या चारांत पार्किंगच्या खुणा पुसल्या जात होत्या.

मी मिहूला उचलून घेतलं. तिची पाठ थोपटत यशोधनला शोधायला निघाले.

*

यशोधन बाहेर, गेटजवळच्या टपरीवर चहा पीत होता. मी फाइलचं नाव घेतल्यावर त्यानं ग्लास खाली ठेवला. नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

"यात लपवलंय काय, ऋजू? सगळं पडद्यावर आहे. सहाशे अठ्ठेचाळीस पडद्यावर आहे, सहावी बिल्डिंग पडद्यावर आहे. मतदानाआधी वीस मिनिटं शेवटचं चित्र समोर असणार. कुणाला कुणी डोळ्यांवर पट्टी बांधलीय का?"

"पहिलं चित्र बघून लोक ठरवतात, यश. एकदा वाचलेला आकडा कोण परत वाचतं?"

"मग तो लोकांचा आळस झाला."

"आणि नजरनोंद?"

तो हसला. नजरनोंदीचा नियम दोन वर्षांपूर्वी आला. सोसायट्यांच्या सभांमधे कागदांवर खोट्या सह्या होतात म्हणून कागदच रद्द झाले. आराखडा पडद्यावर दाखवायचा, कॅमेरे प्रत्येक सभासदाची नजर पडद्यावर होती की नाही ते नोंदवतात. 'पडद्यावर दाखवल्याप्रमाणे मान्य' असा ठराव हात वर करून झाला, की तो पक्का. पाहिलं म्हणजे कळलं, असं धरतात. आणि पापणी लवली तर नजर हटली असं धरत नाहीत. तसं धरलं तर कुणाचीच नोंद पुरी व्हायची नाही.

"नियमातच बसतंय सगळं," यशोधन म्हणाला. "नभांगणच्या वकिलांनी महिनाभर घासून पाहिलंय. एका सभेत झालंसुद्धा. एकानंही तक्रार केली नाही."

"कशी करतील? त्यांना वाटलं असेल आपल्यालाच नीट आठवत नाही."

"हे बघ, तू नाही बसलीस तर मी बसेन. घरी जा, मिहूला झोपव. पण उगाच सभेत काही बोलू नकोस. तुझ्या सासऱ्यांनीच परवा बघून ओके दिलंय. बोललीस तर त्यांचं नाक कापशील."

तेवढं मात्र खरं होतं.

*

माझे सासरे भास्कर खैरनार सोसायटीचे सचिव. सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच, म्हणजे खरं तर आम्हीच त्यांच्याकडे. माझा नवरा हर्षल त्या आठवड्यात कामासाठी चेन्नईला होता, त्यामुळे घरात आम्ही तिघंच.

किरणप्रभा ही छापखान्यातल्या माणसांनी उभारलेली सोसायटी. नोटा छापणाऱ्यांची आणि त्याहून जास्त नोटा तपासणाऱ्यांची. आप्पा सदोतीस वर्षं तपासनीस होते. छापलेला ताव समोर आला, की त्यावरून नजर फिरवायची. एक ठिपका पसरलेला, एक रेघ तुटलेली दिसली की ताव बाद. इथल्या माणसांना डोळ्यांचा असा काही अभिमान आहे, की ती वरणातला खडाही डाळ शिजायच्या आधी दाखवतील. नजरनोंदीचा नियम आला तेव्हा बाकीच्या सोसायट्या कुरकुरल्या. आमच्याकडे टाळ्या पडल्या. नियमात एक सोय आहे, दहा सभासदांनी मागितलं तर छापील प्रतही द्यावी लागते. आमच्या एकशे अठरा घरांतून एकानंही मागितली नाही. "कागद कशाला?" आप्पांनीच सभेत विचारलं होतं. "डोळे आहेत ना?"

संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. ते मटार सोलत होते. सोलतच राहिले.

"अगं, परवा मी स्वतः पाहिलं. दीड तास. काही हललं नाही."

"म्हणूनच सांगतेय, आप्पा. दिसत नाहीच ते."

"मला दिसत नाही?"

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. घाईघाईत एक चित्र बनवलं होतं. निळं आकाश, त्यात पतंग. "किती आहेत मोजा."

"बारा."

"आता बघत राहा. एखादा गेला की सांगा."

ते बसले. पाठ ताठ, चष्मा वर सरकवलेला, हात मांडीवर. छापखान्यात असेच बसत असणार. लॅपटॉपचा कॅमेरा त्यांच्या पापण्या पाहत होता. मिहू त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती.

"गेला," ती म्हणाली.

"गप गं," आप्पा तिला म्हणाले. "काही गेलेलं नाही."

"गेला. पतंग गेला."

तीन मिनिटांनी मी म्हटलं, "आता मोजा."

त्यांनी मोजले. बोट पडद्याला लावून परत मोजले. सात होते.

मला वाटलं होतं ते चिडतील बिल्डरवर. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, घातला, परत काढला. "मोतीबिंदू परत धरला असेल," ते हळूच म्हणाले.

"डोळ्यांचा दोष नाही हो, आप्पा. माझं पण हेच झालं. सगळ्यांचं होतं."

"तू तपासनीस नव्हतीस!" ते एवढ्या जोरात ओरडले, की मिहूचा ओठ थरथरला. मग आवाज खाली आला, ते जास्त वाईट होतं. "सहा वर्षं या कामासाठी फिरतोय. स्लॅब पडताहेत घराघरांत. दारोदार जाऊन सांगितलं मी, स्वतः तपासलंय, डोळे झाकून हात वर करा. उद्या उभं राहून काय सांगू? खैरनारला दिसत नाही?"

"सभा पुढे ढकला. एवढंच."

"यातलं एक अक्षर उद्या काढायचं नाही," ते म्हणाले. "तुला शपथ आहे माझी."

ते आत गेले. मटार तसेच राहिले.

मी ते सोलत बसले आणि माझ्या लक्षात आलं, की माझं सॉफ्टवेअर निम्मंच काम करतं. उरलेलं काम लाज करते. उद्या काहींना शेवटी तो आकडा दिसेल. ते पुटपुटतील, सातशे बारा होता ना? आणि शेजारचा काय म्हणेल, म्हातारा झाला हा, या भीतीनं हात वर करतील. एकशे अठरा माणसं, प्रत्येक जण एकटा.

शपथ बोलण्यावर होती. मी ठरवलं, बोलायचं नाही.

*

रविवारी दहाला सभागृह भरलं. कोरम वेळेत झाला म्हणून टाळ्या. मी सगळ्यात मागे कन्सोलवर होते, मिहू माझ्या पोटाशी झोळीत बांधलेली. यशोधन माझ्याशेजारी उभा होता. मी आलेय म्हटल्यावर त्यानं खांद्यावर थाप मारली होती. "शहाणी आहेस."

नभांगणचे चांदवडकर बोलायला उभे राहिले. गोड आवाज, आणि प्रत्येक वाक्यानंतर नेमका विराम. आता मला कळलं तो विराम कशासाठी. माझ्या पडद्यावर पापण्यांचा आलेख होता. ते थांबले की लाट उठायची, मिटायची. लाटेच्या टोकावर निमिष आपलं काम करून जायचं.

एक. सातशे बाराचे सातशे आठ झाले.

दोन. झोका.

माझं बोट कीबोर्डवर होतं आणि हलत नव्हतं. आप्पा पहिल्या रांगेत, सचिवांच्या खुर्चीत. मानेमागची शीर ताठलेली. ते टक लावून पाहत होते. पकडायला बघत होते, एकट्यानं.

तीन. चार. पाच. हे पाच मी जाऊ दिले. भ्याले म्हणून जाऊ दिले, दुसरं कारण नाही.

"बाक गेला," मिहू माझ्या छातीशी म्हणाली. एकशे अठरा घरांतून आलेल्या माणसांत फक्त हिला दिसत होतं, आणि हिला विचारणार कुणी नव्हतं.

मी भिंत बंद करू शकले असते. मग तांत्रिक अडचण म्हटलं असतं, पुढच्या रविवारी दुसरा कुणी कन्सोलवर बसला असता. निमिषमधे एक चौकट आहे, 'विलंब'. जुन्या पॅनलांना चित्र बदलायला वेळ लागायचा, तो हिशेबात धरायला मी ती ठेवली होती. तिच्यात शून्य होतं. म्हणजे पापणी मिटताच बदल.

मी तिथे सातशे लिहिलं. सातशे मिलिसेकंद. पापणी मिटेल, उघडेल, नजर स्थिर होईल. मग बदल.

चांदवडकर म्हणाले, "हे केवळ घर नाही, आपल्या पुढच्या पिढ्यांचं अंगण आहे." आणि थांबले.

लाट आली, गेली. सगळे डोळे उघडे. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घसरगुंडी नाहीशी झाली.

शेजाऱ्याला दिसलं का, ते प्रत्येक जण चोरून बघत होता. मग तिसऱ्या रांगेतून पगारे काकू उठल्या. या पण छापखान्यातल्याच, बाइंडिंगच्या.

"ओ साहेब, घसरगुंडी कुठं गेली?"

"कुठली घसरगुंडी, ताई?"

"आत्ता होती की! आणि तो आकडा बघा, तो बघा... अगं बाई!"

सातशे चारचे सातशे झाले, उजेडात, सगळ्यांसमोर. आता अख्खं सभागृह उठलं. खुर्च्या सरकल्या. चांदवडकर मागे वळून भिंतीकडे बघायला लागले आणि त्यांच्या नाकासमोर सहाव्या इमारतीचा पहिला मजला वर आला.

यशोधन माझ्या कानाशी आला. "शून्य कर. ऋजू, शून्य कर ते."

"नाही."

"अगं, तुझं सॉफ्टवेअर आहे हे! तुझंही नाव जाईल."

"म्हणूनच."

तो कीबोर्डकडे झेपावला. मी मिहूसकट कन्सोलवर वाकले आणि दोन्ही कोपरं रोवली. माझ्या अंगात एवढी ताकद असते, हे मला बाळंतपणानंतर दुसऱ्यांदाच कळत होतं. "हात लावून बघ," मी म्हटलं. "लेकरू आहे मधे." तो मागे सरला. मग त्याला सुचलं आणि तो पुढे धावला. सभागृहाच्या वीजपेटीला कुलूप होतं आणि किल्ली सचिवांकडे असते.

"आप्पा, किल्ली द्या पटकन. बिघाड झालाय, आग लागेल."

आप्पा उठले. खिशातून किल्ली काढली. त्यांनी ती मुठीत धरली, भिंतीजवळ गेले, अगदी हातभर अंतरावर, आणि तो आकडा पाहत उभे राहिले. सहाशे शहाण्णव. लाट. सहाशे ब्याण्णव.

"सभा चालू आहे," ते म्हणाले. किल्ली परत खिशात गेली. "मागं कन्सोलवर कोण आहे? अजून किती आहेत असे?"

शपथ त्यांनीच मोडली होती. मी उभी राहिले.

"एकूण एक्केचाळीस. पहिले पाच तुम्ही कुणीच पाहिले नाहीत, ते माझ्यामुळे. मी आधी थांबवायला हवं होतं. बाकीचे थांबवणार नाही. बसा सगळ्यांनी आणि बघा." आणि ही भिंत कशी चालते ते मी सांगितलं. चारच वाक्यांत, नाटकवाल्यांना सांगायचे तसं. तुमची पापणी मिटली की हे पुढे सरकतं. ही भिंत ते चालवत नाहीत, तुम्ही चालवताय.

"म्हणजे डोळे नाही मिटले तर?" कुणीतरी विचारलं.

"तर थांबेल."

"डोळे मिटू नका रे!" मागून एक आवाज आला, आणि सत्तरीची माणसं डोळे वटारून बसली. भिंत थांबली. दहा सेकंद, पंधरा. कुणाच्या तरी डोळ्यातून पाणी आलं. कुणीतरी फिसकन हसलं. "जाधव, तुम्ही मिटलात!" "मी नाही, हा भामरे!" मग सगळ्यांचंच सुटलं. लाट आली आणि दुसरा मजला चढला.

"अकरा!" पगारे काकू ओरडल्या.

पुढचे सगळे त्यांनी मोठ्यानं मोजले. बारा. तेरा. सभागृह एका आवाजात मोजत होतं, बाद ताव मोजावेत तसं. चांदवडकर माइकवरून काही सांगत होते, चुकीची फाइल, नवी टीम, चहा घेऊया का. एकोणतीस, तीस. मजले चढत गेले. झाडं एकेक करून गेली. एक्केचाळीस म्हणताना आवाज इतका मोठा झाला, की मिहूनं कान झाकले.

भिंतीवर सहा इमारती होत्या, सहाशे अठ्ठेचाळीस फूट होते, आणि खेळायला जागा नव्हती. ठरावात मान्य होणार होतं ते हे.

"आता मतदान," आप्पा म्हणाले. सभेची पद्धत ते मोडत नाहीत. "पडद्यावर दाखवल्याप्रमाणे मान्य असेल त्यांनी हात वर करावेत."

एकही हात वर गेला नाही.

चांदवडकर आपली माणसं घेऊन निघाले. यशोधन लॅपटॉपची पिशवी आवळत माझ्याजवळ थांबला. "परत कुणी काम देणार नाही तुला. कळतंय का?"

"विलंबाची चौकट आज संध्याकाळी सगळ्यांना खुली करतेय," मी म्हटलं. "ज्याला हवी त्यानं घ्यावी. नजरनोंदीच्या कॅमेऱ्यालाही बसते ती. कुठल्याही भिंतीसमोर बसा, पापणीआड काही बदललं की कळेल."

त्यानं पिशवी खांद्याला लावली. गेला.

लोक उठायला लागले होते. आप्पांनी हात वर करून थांबवलं. सहसचिव अहेर बाईंच्या हातात इतिवृत्ताची वही होती, त्यांच्याकडे वळून ते म्हणाले, "लिहा. सचिव भास्कर खैरनार यांनी हा आराखडा दीड तास स्वतः तपासला. त्यांना एकही बदल दिसला नाही. काल घरी पतंगांचं चित्र दाखवलं, त्यातलाही बदल दिसला नाही."

"अहो आप्पा, हे कशाला इतिवृत्तात?"

"लिहा. आणि असंही लिहा, की ही गोष्ट लपवावी म्हणून त्यांनी सुनेला शपथ घातली." त्यांचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "झालं? कुणाचं अनुमोदन?"

सभागृहात सगळे खाली बघत होते. मला वाटलं, धावत जाऊन त्यांना खुर्चीत बसवावं. तेवढ्यात पगारे काकूंनी हात वर केला.

"माझं अनुमोदन. आणि माझं पण नाव लिहा. मला पण नाही दिसले पहिले पाच."

"माझं लिहा," जाधव म्हणाले.

"माझं."

भामरे उठले, गिते उठले, मागच्या रांगेतली एरवी सभेला येऊन डुलक्या काढणारी मंडळी उठली. एकेक हात वर येत होता, काठी धरलेला, सुरकुतलेला, शाईचे डाग कधीच न गेलेला. अहेर बाईंनी वही मांडीवर ठेवली आणि आपलाही हात वर केला.

नियमाप्रमाणे सभेचं चित्रीकरण करणारा माणूस कॅमेरा बंद करायला निघाला होता.

"चालू ठेव," मी त्याला म्हटलं. "सगळे हात घे. सावकाश घे."